गाठ निघाली, मग पुन्हा आली कुठून?

(संस्थेच्या वार्षिक सभेनिमित्त अमरावती येथे भरलेल्या देणगीदार व रुग्ण-कुटुंबीय मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून मी आपणांस जमाखर्च सांगत आलो आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. खतावणी, ताळेबंद आणि लेखापरीक्षकांच्या शंका यांत माझे अर्धे आयुष्य गेले. रुग्णाच्या नाडीला हात लावण्याचा मला अधिकार नाही, आणि या वयात तशी हौसही नाही. यंदाची आर्थिक पत्रके याच अहवालात पुढे छापलेली आहेत, ती आपण सवडीने वाचालच. आज मला आपणांसमोर एक प्रश्न मांडावयाचा आहे. तो मला एका रुग्णाच्या मुलाने विचारला होता आणि त्या दिवशी माझ्यापाशी त्याचे उत्तर नव्हते.

दर्यापूरकडील एक तरुण उन्हाळ्यातील एका दुपारी माझ्या टेबलासमोर येऊन बसला. तो अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत एका दालमिलमध्ये कामाला होता. वडील शेतकरी. बाजार समितीच्या आवारात कापसाची गाडी खाली करीत असताना वडिलांना आयुष्यातील पहिला झटका आला. आपल्याकडे स्कॅन झाले, मेंदूत गाठ दिसली. पुढे मोठ्या शहरातील एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि तपासणीअंती ग्लायोब्लास्टोमा हे नाव कळले. किरणोपचार झाले, ज्यांना आपली माणसे ‘शेक’ म्हणतात. गोळ्या झाल्या. काही महिने बरे गेले. मग नव्या तपासणीत गाठ पुन्हा दिसली, पहिल्या जागेपासून थोडी बाजूला.

त्याच्या हातात दोन कागद होते. एक शस्त्रक्रियेनंतरचे कार्ड, त्यावर गाठ पूर्णतः काढल्याची नोंद होती. दुसरा कागद मोबाईलवरील जाहिरातीची छापील प्रत. त्यात विंचवाच्या विषापासून केलेल्या थेंबांची महती होती आणि खाली दरमहाची किंमत. त्या थेंबांसाठी रुग्णसहाय्यता निधीतून मदत मिळावी असा त्याचा अर्ज होता. तो म्हणाला, “साहेब, सारी गाठ काढली असं या कागदावर लिहेल आहे. मंग हे पुन्हा आली कुठून? का थोडकी ठेवली होती त्यायनं?”

अर्ज मी नाकारला. नोंदणीकृत डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मान्यताप्राप्त औषधांसाठीच निधी वापरता येतो, हा आपल्या विश्वस्त मंडळाचा ठराव आहे आणि तो योग्य आहे. त्याने कागदाची घडी केली, ‘बरं’ म्हटले आणि तो गेला. नियमाने मी बरोबर होतो. परंतु त्याच्या मनात ज्या डॉक्टरांविषयी संशय निर्माण झाला होता तो दूर करण्याइतके मला ठाऊक नव्हते. विंचवाचे म्हणाल, तर ती निव्वळ थाप आहे असे मी गृहीत धरले होते, आणि तेही पुरते खरे नव्हते.

त्यानंतर मी आपल्या डॉक्टर मंडळींना बराच त्रास दिला. आपल्याकडे तपासणीस येणाऱ्या मेंदूशल्यचिकित्सकांनी एका देयकाच्या पाठीवर पेशीचे चित्र काढून मला पहिला धडा दिला. ते देयक मी अजून जपून ठेवले आहे. रोखपालांनी दुसरी प्रत काढून घेतली. पुढे काही लेख वाचले, शब्दकोश घेऊन वाचले. जे समजले ते डॉक्टरांकडून तपासून घेऊन आपणांस सांगत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर सभागृहातील कुणाच्या जिवाला घोर लागायचा. मेंदूतील प्रत्येक गाठ अशी नसते. मेंदूच्या आवरणापासून होणारी मेनिंजिओमासारखी गाठ बहुधा संथ वाढते, आपल्या मर्यादेत राहते आणि पुष्कळदा समूळ काढता येते. मी बोलतो आहे ते मेंदूच्या आधार-पेशींशी नाते असलेल्या ग्लायोमा या गटाविषयी, आणि त्यातही ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत उग्र प्रकाराविषयी.

या गाठीच्या पेशी चालतात. एखादी बोराएवढी गाठ स्कॅनवर दिसते तेव्हा तिच्या कडेपलीकडे, निरोगी दिसणाऱ्या मेंदूत, तिच्या एकेकट्या पेशी पोहोचलेल्या असतात. त्या स्कॅनला दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखालील शल्यचिकित्सकाच्या डोळ्यालाही दिसत नाहीत. कार्डावरील ‘पूर्णतः’ या शब्दाचा अर्थ ‘दिसणारी सर्व’ एवढाच असतो. डॉक्टर तो त्या अर्थाने लिहितात, घरचे लोक तो दुसऱ्या अर्थाने वाचतात.

ही गोष्ट वैद्यकाला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. अमेरिकेतील वॉल्टर डँडी या शल्यचिकित्सकाने १९२८ साली एक धाडस प्रसिद्ध केले. ज्या रुग्णांचे अर्धे अंग गाठीमुळे आधीच लुळे पडले होते, त्यांच्या मेंदूचा उजवा अर्धा भागच त्याने काढून टाकला. तरीही रोग परतला. अर्धा मेंदू काढूनही जी गाठ निघत नाही ती चाकूने निघणारी नाही, हे तेव्हाच दिसून आले. पुढे १९३८ साली हान्स योआखिम शेरर या संशोधकाने मृत रुग्णांच्या मेंदूंचा अभ्यास करून या पेशींच्या वाटा दाखवल्या. रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने आणि पांढऱ्या मज्जातंतूंच्या जुड्यांमधून त्या सरकतात. आमच्या मेळघाटात पावसाळा सरला की माणसे कामासाठी घाट उतरतात, ती ठरलेल्या पायवाटांनीच. या पेशीही रान तुडवीत जात नाहीत. असलेल्या वाटा धरतात.

आता खरी अडचण येते. या वाटा अतिशय अरुंद आहेत. मेंदूतील पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात आणि त्यांच्यामधील फटी चालणाऱ्या पेशीच्या मानाने फारच लहान असतात. भरलेले कापसाचे बोंदरे घराच्या खिडकीतून न्यायचे असेल तर काय करावे लागेल? दाबून बारीक करावे लागेल. ही पेशी तेच करते. स्वतःच्या अंगातील पाणी बाहेर टाकून ती आक्रसते, फटीतून पलीकडे जाते आणि पुन्हा फुगते. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठात हॅराल्ड सॉन्थायमर यांच्या प्रयोगशाळेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पेशीचे आकारमान अशा वेळी सुमारे एक तृतीयांशाने कमी होते असे आढळले. त्याहून अधिक आक्रसणे तिला जमत नाही, कारण पेशीच्या गाभ्याला फारसे दाबता येत नाही.

पाणी बाहेर टाकण्यासाठी पेशीकडे पंप नाही. तिच्याकडे मीठ आहे. मीठ आणि पाणी यांचे नाते मी पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील माणसांना काय सांगावे! घरातील कुठल्याही माउलीस विचारा. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पाणी सुटते. जिकडे क्षार अधिक, तिकडे पाणी धावते. पेशीने आपल्या अंगातील क्षार बाहेर सोडले की पाणी त्यांच्या मागोमाग जाते. यांपैकी एक क्षार म्हणजे क्लोराइड, आणि दुसरा, आजच्या विषयाचा नायक म्हणा वा खलनायक, पोटॅशियम.

पोटॅशियम हे नाव आपणांपैकी बहुतेकांनी प्रथम आमच्या देयकातच वाचले असेल. ‘सोडियम-पोटॅशियम तपासणी’ ही ओळ जवळजवळ प्रत्येक दाखल रुग्णाच्या देयकात असते आणि ‘हे रोज रोज कायले?’ असे आम्हांला रोज रोज विचारले जाते. रक्तातील पोटॅशियमचे प्रमाण साडेतीन ते पाच या अंकांच्या दरम्यान राहावे लागते. त्याच परिमाणात मोजले तर पेशींच्या आत ते एकशे चाळीसच्या आसपास असते. शरीरातील एकूण पोटॅशियमपैकी सुमारे ९८ टक्के साठा पेशींच्या आत आहे. रक्ताचा अहवाल म्हणजे गल्ल्यातील रोकड. मोठी ठेव आत, तिजोरीत.

तिजोरी म्हटली की दार आले. पेशीच्या आवरणात प्रथिनांची बनलेली सूक्ष्म दारे असतात, त्यांना पोटॅशियम चॅनेल म्हणतात. ती किती चोखंदळ असतात याचे मला अजून नवल वाटते. सोडियमचा कण पोटॅशियमपेक्षा लहान असूनही त्याला या दारातून जाता येत नाही आणि मोठा असलेला पोटॅशियमचा कण मात्र सेकंदाला लाखो-कोटींच्या संख्येने निघून जातो. हे कसे घडते ते रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली अशा एका दाराची अंतर्रचना उलगडून दाखवले. दाराची चौकट अशी बेतलेली आहे की पोटॅशियमचा कण तिच्यात नेमका बसतो आणि लहान सोडियम तिच्यात सैल पडतो. या कामाबद्दल त्यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भेटीच्या वेळेत आमच्या दारावरचा पहारेकरी इतका चोख असता तर अतिदक्षता विभागातील परिचारिकांनी त्याची आरती केली असती.

या दारांचे कितीतरी प्रकार आहेत. हृदय, स्नायू, स्वादुपिंड, रक्तवाहिन्या, सगळीकडे ती असतात आणि त्यांच्यावाचून आपण एक क्षण जगू शकणार नाही. ग्लायोमाच्या संदर्भात दोघांकडे संशोधकांचे विशेष लक्ष गेले. एकाला ‘बीके’ म्हणतात. एका वेळी पोटॅशियमचा फार मोठा लोंढा सोडणारे हे दार आहे. दुसऱ्याचे नाव ‘केसीए-३.१’. दोन्ही दारे पेशीतील कॅल्शियम वाढले की उघडतात. सॉन्थायमर यांच्या गटाने २००२ साली दाखवले की ग्लायोमाच्या पेशींत बीके दाराचा एक निराळा प्रकार असतो आणि गाठ जितकी उग्र, तितकी त्या दारांची संख्या अधिक आढळते. म्हणजे जी दारे शरीराच्या नित्य कामासाठी आहेत, तीच या पेशींनी स्वतःच्या प्रवासासाठी वाढवून घेतली.

येथे मला थोडे थांबून एका गैरसमजाविषयी बोलले पाहिजे, कारण तो आमच्याच आवारात पसरला होता. ‘पोटॅशियममुळे गाठ पसरते’ असे अर्धवट ऐकून दोन कुटुंबांनी रुग्णाचे केळे आणि नारळपाणी बंद केले. असे करू नये. पेशी स्वतःचा साठा वापरते. आहारातील केळ्याने गाठ चालू लागत नाही आणि केळे बंद केल्याने ती थांबत नाही. मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना डॉक्टरांनी पथ्य सांगितले असेल त्यांची गोष्ट वेगळी. आधीच अन्न नकोसे झालेल्या माणसाच्या ताटातून आवडीचा घास काढून घेण्याचे पाप आपल्या हातून अज्ञानाने घडू नये, एवढ्यासाठी हा खुलासा.

आता विंचवाकडे येतो.

हे दार आहे हे कळण्यासाठी, आणि ते कुठले काम करते हे पाहण्यासाठी, ते बंद करून पाहावे लागते. त्यासाठी नेमके त्याच दाराला बसणारे बूच हवे. बीके दाराचे असे बूच संशोधकांना १९९० साली मिळाले, आणि ते मिळाले आपल्याकडच्या लाल विंचवाच्या विषात. मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी भारतीय लाल विंचवाच्या विषातून ३७ अमिनो आम्लांचे एक लहानसे प्रथिन वेगळे केले. त्याला आयबेरिओटॉक्सिन असे नाव दिले. हे प्रथिन बीके दाराच्या तोंडाशी जाऊन बसते आणि इतर दारांच्या वाटेला फारसे जात नाही. तेव्हापासून जगातील ज्या ज्या प्रयोगशाळेत बीके दारांवर काम होते, तेथे आपल्या बांधावरच्या दगडाखालील या विंचवाची आठवण काढली जाते, ग्लायोमाच्या प्रयोगांतही.

हाच तो विंचू, ज्याच्या दंशाने महाराष्ट्रात हजारो बालके आणि शेतमजूर दगावले. जालना जिल्ह्यात जन्मलेले आणि नागपुरात वैद्यकाचे शिक्षण घेतलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यात सरकारी डॉक्टर म्हणून गेले. विंचूदंशाचे रुग्ण हृदय आणि फुप्फुसे निकामी होऊन कसे जातात याची त्यांनी रात्र रात्र उशाशी बसून नोंद केली. १९८२ साली त्यांचा लेख ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात आला. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे, स्वस्त औषध त्यांनी या दंशावर वापरले. एके काळी गंभीर दंशात शंभरातील चाळीसजण जात, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या विषाशी त्यांनी महाडला झुंज दिली, त्याच विषातला एक कण तिकडे परदेशात पेशींची दारे तपासण्याच्या कामी येत होता.

म्हणजे विंचवाचा आणि मेंदूच्या गाठीचा संबंध आहे. तो मुलगा हातात जो कागद घेऊन आला होता तो अगदीच आकाशातून पडलेला नव्हता. मग त्याला मी पैसे का देऊ नयेत? अर्ज नाकारल्यानंतर हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला आणि डॉक्टरांनाही विचारला.

त्यांनी सांगितले ते असे. तोंडाने घेतलेले प्रथिन पोटात पचून जाते. ते रक्तात गेले असे घटकाभर धरले तरी रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक जकातनाका आहे. असली प्रथिने त्यापलीकडे सहसा जात नाहीत. समजा ते पलीकडेही गेले, तरी बीके दार केवळ गाठीत नाही. ते निरोगी मज्जापेशींत आहे, रक्तवाहिन्यांत आहे, मूत्राशयात आहे. सर्व शरीरातील ते दार बंद करणे म्हणजे चोर पकडण्यासाठी गावातल्या सगळ्या घरांना कुलपे ठोकणे. आणि चौथी गोष्ट मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटली. प्रयोगशाळेतील निष्कर्षही एका दिशेचे नाहीत. काही प्रयोगांत दार बंद केल्याने पेशींची चाल मंदावली, तर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दार उघडे ठेवणाऱ्या औषधांनी ती मंदावली. चालण्यासाठी दार योग्य वेळी उघडावे आणि योग्य वेळी मिटावे लागत असावे. गुडघा कायमचा वाकला काय अन् कायमचा ताठ राहिला काय, चालणे दोन्हीकडून बंदच.

दुसऱ्या एका विंचवाची हकीकतही याच संदर्भात सांगितली पाहिजे, कारण जाहिरातींत तिचाच आधार घेतला जातो. पश्चिम आशियातील एका विषारी विंचवापासून मिळालेले क्लोरोटॉक्सिन नावाचे प्रथिन ग्लायोमाच्या पेशींना चिकटते, हे १९९० च्या दशकात आढळले. त्यावर किरणोत्सारी आयोडीन चढवून ते शस्त्रक्रियेनंतरच्या पोकळीत थेट सोडण्याची एक प्राथमिक चाचणी १८ रुग्णांवर झाली, तिचा अहवाल २००६ साली आला. औषध सहन होते एवढे दिसले. परंतु उपचार म्हणून त्याला मान्यता मिळालेली नाही. थेंबांच्या बाटलीचा आणि या संशोधनाचा संबंध विंचू या शब्दापुरताच.

वऱ्हाडाशी नाते सांगणारा आणखी एक धागा आहे. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण किती आहेत हे मी सांगावयास नको. सोमवारच्या बाह्यरुग्ण विभागात ती लहान मुले आपण पाहता. त्या रोगात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. पेशीतील पाणी कमी झाले की वाकणे वाढते, आणि पाणी कमी होते ते पोटॅशियम बाहेर गेल्यामुळे. हंगेरीतील ग्योर्जी गार्दोश यांनी १९५८ साली दाखवले होते की कॅल्शियम वाढले की तांबडी पेशी पोटॅशियम सोडू लागते. ज्या दारातून ते जाते ते दार म्हणजेच आपले केसीए-३.१. ग्लायोमाची पेशी फटीतून जाण्यासाठी जे दार वापरते, तेच दार सिकलसेलच्या मुलाच्या रक्तपेशीला सुकवते.

या दाराला पहिले बरे बूच सापडले ते क्लोट्रिमॅझोल. नाव ओळखीचे वाटेल. गजकर्णावर लावावयाच्या मलमातील ते औषध. कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. (कृपया हे ऐकून कुणी मलम डोक्यास चोळू नये.) त्याच्या रचनेत फेरफार करून सेनिकॅपॉक हे औषध सिकलसेलसाठी तयार झाले. मोठ्या चाचणीत रुग्णांचे हिमोग्लोबिन सुधारले, परंतु वेदनांचे झटके कमी झाले नाहीत आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. औषध कपाटात गेले. इकडे इटलीतील संशोधकांनी २०१३ साली दाखवले की त्याच कुळातील एका द्रव्याने केसीए-३.१ बंद केले असता उंदरांच्या मेंदूत ग्लायोमाचा फैलाव घटतो. आणि २०२२ च्या डिसेंबरात जर्मनीतील हायडेलबर्गच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. गाठीतील पेशी लांब धाग्यांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात, आणि त्यांतील मोजक्या पेशी हृदयाच्या ठोक्याप्रमाणे तालबद्ध स्पंदने देऊन साऱ्या जाळ्याला चालना देतात. त्या तालामागे हेच केसीए-३.१ दार आहे. ते बंद केल्यावर उंदरांतील गाठीची वाढ मंदावली आणि ते अधिक जगले.

उंदरांतील. हा शब्द मी मुद्दाम दोनदा उच्चारतो. आज ग्लायोब्लास्टोमाच्या नित्य उपचारांत पोटॅशियमचे दार बंद करणारे एकही औषध नाही. उपचार आहेत ते शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. २००५ साली ५७३ रुग्णांच्या अभ्यासातून या गोळ्यांचा उपयोग सिद्ध झाला. केवळ किरणोपचार घेतलेल्यांचे मध्यम आयुर्मान १२.१ महिने होते, गोळ्यांसह ते १४.६ महिने झाले. दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. हे आकडे अशा सभेत सांगावे की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. वरिष्ठ डॉक्टरांनी सांगण्यास संमती दिली. सरासरी ही सर्वांची मिळून असते, तीवरून एका माणसाचे दिवस मोजता येत नाहीत, हे हिशोबनीस म्हणून मीही सांगू शकतो.

यामुळे आपल्या निधीच्या वापरात काय बदल झाला, हे जाणून घेण्याचा देणगीदारांना हक्क आहे. ग्लायोमाच्या रुग्णांसाठी आपण पुढील बाबींवर खर्च करतो. झटके थांबवणारी औषधे खंड न पडता पुरवणे, लुळ्या पडलेल्या हातापायांसाठी घरी जाऊन व्यायाम शिकवणे, आणि पुढील उपचारासाठी मुंबईस जाणाऱ्यांचा प्रवास. शस्त्रक्रिया व किरणोपचाराचा मोठा भार महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसवता येतो. २०१२ साली ही योजना जुन्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता, त्यामुळे तिच्या कागदपत्रांचा आम्हांस चांगला सराव आहे. परंतु अमरावती एक्स्प्रेसने रात्रभर बसून गेलेल्या माणसाने पहाटे उतरून जायचे कुठे, हे कुठल्याही योजनेत लिहिलेले नसते. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे आणि टाटा रुग्णालयात येणाऱ्या कितीतरी कुटुंबांना तिने छप्पर दिले आहे. शेंडगावी जन्मलेल्या आणि वलगावजवळ देह ठेवलेल्या त्या पुरुषाने आपल्या जिल्ह्याच्या माणसांची मुंबईतील रात्रीची सोय आधीच करून ठेवली असावी, असे मला तेथे प्रथम गेलो तेव्हा वाटले.

खर्चाशिवायचा बदल एकच. आपल्या समुपदेशन-पत्रकात वरिष्ठ डॉक्टरांच्या संमतीने एक परिच्छेद वाढवला आहे. ‘दिसणारी गाठ काढली आहे, न दिसणाऱ्या पेशी शेजारच्या मेंदूत असू शकतात, त्यामुळे रोग परतल्यास तो शस्त्रक्रियेतील हलगर्जीपणा असेलच असे नाही.’ पहिल्या मसुद्यात मी चार वाक्ये अधिक लिहिली होती. परिचारिका-प्रमुखांनी ती खोडली. म्हणाल्या, “साहेब, घाबरलेला माणूस तीन ओळींच्या पुढे वाचत नाही.”

त्या दर्यापूरच्या मुलाला मी निरोप पाठवून पुन्हा बोलावले होते. तो आला तो संशयानेच. आपल्याला पुन्हा काही कागद भरायला लावणार असे त्याला वाटले. मी आणि डॉक्टर त्याच्याशी तासभर बोललो. कैरीचे उदाहरण त्याला लगेच पटले. विंचवाचे ऐकून तो प्रथमच हसला. थेंबांची एक बाटली त्याने उसनवारी करून तोवर घेतलेलीच होती. ती घेऊ नकोस एवढेच आम्ही सांगितले, त्याच्या आईसमोर त्याला दोष दिला नाही. जाताना त्याने विचारले, “मंग बाबाले केळं चालते ना?” डॉक्टर म्हणाले, चालते.

त्याचे वडील त्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आधी, घरीच गेले. दिवाळीनंतर तो झटक्यांच्या गोळ्यांची उरलेली पाकिटे घेऊन माझ्याकडे आला. दिलेली औषधे परत घेण्याचा नियम नाही, ती मी घेऊ शकलो नाही. तो खुर्चीवर बसून राहिला. मग म्हणाला, “साहेब, त्या दाराचं पुढं काही निघालं का?” मी हायडेलबर्गची हकीकत मला कळली होती तेवढी सांगितली आणि नवे काही हाती लागले तर वार्षिक सभेत सांगेन असे म्हटले.

तो आज आलेला आहे. त्याने दालमिलच्या सहकाऱ्यांकडून जमवलेली रक्कम सकाळी कार्यालयात भरली. तिची पावती फाडली आहे आणि ती निधीच्या खात्यात आजच्या तारखेस जमा आहे.